दोघांचं ऑफिस घरून, दोघांची शाळाही घरून : तुमच्याकडे मुलांजवळ कोण बसतं?

अर्धा_कप_चहा | सोमवार, २८ जून २०२१, रात्री ११.५२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते. आज धागाच काढते, कारण घरात हे कुणाशी बोलायची सोय राहिलेली नाही. कोरोनामुळे सगळे घरातच असतात.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, टू बीएचके. नवरा हिंजवडीतल्या एका कंपनीत. क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे त्याचं काम दुपारी एकला सुरू होतं ते रात्री दहा-अकरापर्यंत. मी खराडीतल्या एका ऑफिसात अकाउंट्सला, साडेनऊ ते साडेसहा (म्हणायला). मुलगा तिसरीत, मुलगी मोठ्या गटात. १५ जूनला शाळा सुरू झाली, म्हणजे मोबाइल सुरू झाला. मुलाचे साडेआठ ते बारा चार तास, मध्ये पंधरा मिनिटं सुट्टी. मुलीचा वर्ग अकरा ते पावणेबारा. माझी रोजची मिटिंगही अकराला. अकरा या आकड्याने माझं काय घोडं मारलंय कळत नाही.

शुक्रवारचं सांगते. मे महिन्याच्या जीएसटीआर-१ची (विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राची) मुदत वाढून २६ जून झाली होती, म्हणून सगळ्यांनी बिलं शेवटपर्यंत दाबून ठेवलेली. मिटिंगमध्ये साहेब त्यावरूनच तापले होते. तेवढ्यात मुलगी आली, हातात अर्धी कापलेली भेंडी. ठसेकाम होतं. रंग कुठेत? मी म्यूट होऊन सांगितलं, कपाटात, खालच्या खणात. दोन मिनिटांनी परत हजर. "आई, लाल सुकलाय." त्याच वेळी हॉलमधून मुलगा, "मॅम, मे आय ड्रिंक वॉटर?" आणि पाठोपाठ आमच्या कुकरची शिट्टी, ती त्याच्या अख्ख्या वर्गाने ऐकली. नवरा त्या वेळी घरातच होता. दुसऱ्या बेडरूममध्ये, जागा, मेल बघत. मुलगी त्याच्या उघड्या दारावरून चालत माझ्या बंद दाराशी आली.

तर प्रश्न. वर्ग चालू असताना शेजारी मोठं माणूस लागतंच का? मुलाला एकटं सोडलं की दहा मिनिटांत कॅमेरा बंद करतो, 'नेटवर्क इश्यू' असं टाइप करतो आणि गेम उघडतो. (हे बाबांच्या मिटिंगा ऐकून शिकला असावा.) ऑफिसला काय सांगता? आणि मुख्य म्हणजे दोघंही घरात असताना मुलं आईच्याच दारावर का येतात?

सासूबाई साताऱ्याला आहेत, या दिवसांत त्यांना प्रवास करायला लावायची हिंमत होत नाही. पाळणाघर बंद. उपदेश चालेल, पण 'मुलांना वेळ द्या, हे दिवस परत येणार नाहीत' छापाचा नको. हे दिवस परत आले तर मी पळून जाईन.

निवांत_नाही | मंगळवार, २९ जून, सकाळी ७.१०

रुमाल टाकून ठेवते. महिनाअखेर उरकली की सविस्तर लिहिते. भेंडीला मात्र कडकडीत अनुमोदन, आमच्याकडे बटाटा होता.

वाकडचा_वाकडा | मंगळवार, २९ जून, सकाळी ९.०५

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, बाकीचे त्यातूनच सुटतील. मुलं आईकडे जातात कारण तिकडे काम होतं. बाबाकडे गेलं की बाबा "एक मिनिट" म्हणतो आणि ते मिनिट संपत नाही. पोरांना हे दोन दिवसांत कळतं.

आमच्याकडे 'दोघं मिळून थोडं थोडं बघू' हा प्रकार कायमचा बंद केलाय. थोडं थोडं बघायचं ठरलं की दोघांचंही धड कामात लक्ष नाही, धड मुलांत नाही, आणि संध्याकाळी कुणी जास्त बघितलं यावर भांडण. आता सरळ ड्युटी लागते. साडेआठ ते अकरा मी, अकरा ते दीड बायको, चार ते सहा परत मी. ज्याची ड्युटी तो हॉलमध्ये मुलांच्या शेजारी. मेल-बिल बघा, एक्सेल भरा, पण त्या वेळात मिटिंग घ्यायची नाही. ज्याची ड्युटी नाही तो आत, दार बंद, कानात हेडफोन. रंग सुकला, पेन्सिल मोडली, बहिणीने चिमटा काढला, सगळ्या तक्रारी ड्युटीवाल्याकडे.

यात दोन गोष्टी पाळाव्या लागतात. ड्युटीचा वेळ ऑफिसच्या कॅलेंडरवर 'बिझी' म्हणून अडवून टाकायचा. कारण लिहायचं नाही. कारण लिहिलं की लोक त्यावर चर्चा करतात. आणि आत बसलेल्याने आतून उत्तर द्यायचं नाही. बायको दार न उघडता "खालच्या खणात बघ गं" म्हणून ओरडायची. झालं, पोरांना कळलं की दार बोलतं. मग दाराशीच बसायला लागली.

तुमचं तर त्या मानाने सोपं आहे. यजमानांचं काम एकला सुरू होतं, म्हणजे सकाळची अख्खी शाळा त्यांची. लवकर उठावं लागेल. उठतील.

काकूबाई | मंगळवार, २९ जून, सकाळी ९.४०

'उठतील.' हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावणार आहे.

दिसेल_ते_लिहीन | मंगळवार, २९ जून, दुपारी २.१५

ड्युटी वगैरे ठीक आहे हो. त्याआधी घरातलं टेबल कुणाकडे आहे ते बघा.

गेल्या मार्चपासून आमच्याकडची मांडणी सांगते. नवऱ्याला लिहायचं टेबल, फिरती खुर्ची, मागे पुस्तकांचं कपाट, कॅमेऱ्यात चांगलं दिसतं म्हणून. मी स्वयंपाकघरात, ओट्याच्या टोकाला, गव्हाच्या कोठीवर लॅपटॉप. कोठीचं झाकण मध्ये जरा दबलेलं आहे, म्हणून खाली जुनं कॅलेंडर घडी करून घातलेलं, नाहीतर लॅपटॉप डुगडुगतो. का अशी मांडणी? तर "तुझे कॉल कमी असतात." माझे कॉल कमी नव्हते. मी ते ओट्याशी उभी राहून घ्यायचे म्हणून ते कुणाला कॉल वाटत नव्हते. ओट्याशी उभं असलेल्या माणसाकडे मुलं खायलाच मागणार, त्यांचं काय चुकलं?

दिवाळीनंतर मी जागा बदलून घेतली. भांडण नाही, चर्चा नाही, रविवारी रात्री माझा लॅपटॉप टेबलावर नेऊन ठेवला आणि त्याचा कोठीवर. आठवडा संपायच्या आत त्याने स्वतःच घडीचं टेबल मागवलं. आता ते गॅलरीत असतं आणि त्यावर पाळीपाळीने बसतो.

दुसरी_बाजू | मंगळवार, २९ जून, रात्री ११.२०

धागा वाचून असं वाटतंय की नवरे घरात नुसते लोळत असतात. अमेरिकन शिफ्टवाल्याचं दहाला संपतं ते कागदोपत्री. प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की रात्रीचे दोन. मग साडेआठला तिसरीच्या पर्यावरणाला बसा? झोप हा विषय आहे की नाही?

वाकडचा_वाकडा | बुधवार, ३० जून, सकाळी ८.५०

@दुसरी_बाजू, आहे ना. म्हणून ड्युटी ठरवताना झोपही कॅलेंडरवर टाकायची. दोनला झोपलेला माणूस दहाला उठेल, मग दहा ते साडेबारा त्याचे. फक्त 'उठल्यावर बघू' असं नको, दहा म्हणजे दहा. आणि बायको सहाला उठून डबा नसला तरी नाश्ता करते, तिच्या झोपेचा धागा कुणी काढत नाही, हेही लक्षात असू द्या.

(माझी ड्युटी चालू आहे. मुलगी पाढे म्हणतेय, मी टाइप करतोय.)

खडू_फळा | बुधवार, ३० जून, दुपारी ४.३०

मी शिक्षिका आहे, प्राथमिकला. स्वतःची दोन मुलंही घरात ऑनलाइन. म्हणजे मी पडद्याच्या दोन्ही बाजूंना असते.

धागाकर्तीताई, तिसरीला रोज चार तास आणि मोठ्या गटाला पाऊण तास हे मुळातच जास्त आहे. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने गेल्या वर्षी १४ जुलैला 'प्रज्ञाता' नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात पूर्वप्राथमिकला दिवसाला ३० मिनिटांपेक्षा जास्त नको, पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांचे जास्तीत जास्त दोन तास, नववी ते बारावीला चार, असं स्पष्ट लिहिलंय. कायदा नाही, पण शाळेला लेखी विचारायला पुरेसं आहे. एकटीने विचारू नका. वर्गातले दहा-बारा पालक मिळून मेल करा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुरकुर करून उपयोग नसतो.

आता आमची बाजू. तास वाढतात ते आमच्या हौसेने नाही. फी भरतो तर पूर्ण वेळ शिकवा, असं म्हणणारे पालक निम्मे असतात. उरलेले निम्मे म्हणतात, डोळे जातील. दोन्ही मेल एकाच दिवशी येतात. मुख्याध्यापिका दोन्ही मला फॉरवर्ड करतात.

शेजारी बसावं का? तिसरीला जोडणी करून द्या, पहिली पाच मिनिटं थांबा, मग उठा. पण मूल पाठमोरं बसवा, म्हणजे स्क्रीन तुमच्या बाजूला दिसली पाहिजे. गेमचा प्रश्न तिथेच निम्मा मिटतो. कृपा करून कॅमेऱ्याबाहेरून उत्तरं पुटपुटू नका, आम्हाला ऐकू येतं. 'सात सक बेचाळीस' असं घोगऱ्या आवाजात सांगणारा विद्यार्थी माझ्या वर्गात नाही.

मोठ्या गटाचा एखादा वर्ग बुडाला तर काहीही बिघडत नाही. भेंडीचे ठसे संध्याकाळी काढा, किंवा काढूच नका. वह्यांचे फोटो रोज न पाठवता रविवारी एकदम पाठवू का, असं बाईंना विचारा, बहुतेक हो म्हणतील. आम्हालाही ते रोज उघडायला आवडत नाहीत.

आणखी एक. उद्यापासून, १ जुलैपासून राज्याचा ४५ दिवसांचा सेतू अभ्यास सुरू होतोय, दुसरी ते दहावीसाठी. तो मागच्या इयत्तेवर आहे. म्हणजे तिसरीच्या मुलाची दुसरीची उजळणी. तुमच्या शाळेने घेतला नाही तरी पीडीएफ उतरवून घ्या. माझं स्पष्ट मत : गेल्या वर्षी पंचवीस टक्के अभ्यासक्रम कमी केला होता, तरी उरलेला पंचाहत्तर टक्केही मुलांपर्यंत पोचलेला नाही. तिसरीत वाचन, लेखन, हातच्याची वजाबाकी, पाढे एवढं पक्कं झालं तरी खूप. बाकी सोडून द्या.

अर्धा_कप_चहा | बुधवार, ३० जून, रात्री १०.४५

@खडू_फळा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. घोगरा आवाज त्याचाच आहे.

प्रज्ञाताचं माहीतच नव्हतं. आमच्या ग्रुपवर लिहिलं तर पहिली प्रतिक्रिया, "मग मुलं उरलेला वेळ काय करणार?" आली. याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण उरलेला वेळ मीच त्यांच्या मोबाइलचा चार्जर शोधत असते एवढं नक्की.

आजोबा_ऑनलाइन | गुरुवार, १ जुलै, सकाळी ६.२०

मी सदाशिव पेठेत राहतो, नातवंडे बाणेरला. अंतर फार नसले तरी दीड वर्षात जाणे-येणे बेताचेच. रोज सायंकाळी साडेपाच ते सहा मी व्हिडिओ कॉलवर त्यांच्याकडून एक पान मोठ्याने वाचून घेतो. पुस्तक त्यांनी निवडायचे. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, छापील हवी असल्यास अप्पा बळवंत चौक आहेच. चुकलेला शब्द मी सुधारत नाही, फक्त "परत वाच" म्हणतो. त्या अर्ध्या तासात सूनबाई आणि चिरंजीव काय करतात याची चौकशी मी केलेली नाही. बहुधा ऑफिसचे काम.

साताऱ्याच्या आजींना प्रवास करायला लावण्याची गरज नाही. त्यांना एक वेळ नेमून द्या. ज्येष्ठांना नुसती 'कधीही फोन करा' ही सवलत नको असते, काम हवे असते.

दुपारी एक ते चार मी उपलब्ध नसतो. कारण सांगण्याची आवश्यकता नसावी.

निवांत_नाही | गुरुवार, १ जुलै, सकाळी ७.३०

आजोबा, दंडवत. आमच्या सासऱ्यांना आत्ताच वाचायला दिलं, त्यांनी लगेच वेळ विचारली.

रोजचं_गणित | गुरुवार, १ जुलै, सकाळी ८.१५

जरा वेगळं लिहिते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलं पाचवीत आणि आठवीत. घरात स्मार्टफोन एक. तो त्यांच्या मिस्टरांच्या रिक्षावर असतो, कारण भाडं त्यावरच येतं. रिक्षा रात्री नऊला घरी येते तेव्हा शाळा सुरू होते. आधी आठवीच्या मुलीने सगळ्या बाईंचे मेसेज वाचायचे, वहीत उतरवायचे, मग मुलाचे. साडेदहाला फोन चार्जिंगला, सकाळी परत रिक्षावर. कुमठेकर रस्त्यावरच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणून रोजची अभ्यासमाला व्हॉट्सअॅपवर पाठवायला सुरुवात केली, ती त्यांना खरंच उपयोगी पडली, कारण ती कधीही उघडता येते. गेल्या वर्षी सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली हा शाळेच्या धड्यांचा कार्यक्रम लागायचा, त्याला तर फोनही लागत नव्हता. ठरलेल्या वेळेचा लाइव्ह वर्ग मात्र या घरासाठी नसल्यात जमा.

ताई सकाळी चार घरी जातात. त्यांना घरून काम करता येत नाही.

दुसरी_बाजू | गुरुवार, १ जुलै, सकाळी ९.००

वाईट वाटलं वाचून, पण धाग्याचा विषय वेगळा आहे ना?

रोजचं_गणित | गुरुवार, १ जुलै, सकाळी ९.२५

विषय हाच आहे. तुमची ड्युटी आणि माझी ड्युटी जमते कारण त्या ताई भांडी घासतायत. आम्ही आमच्या जुन्या फोनमध्ये सिम घालून त्यांच्या मुलीला दिला. वाकडमध्ये, बाणेरमध्ये प्रत्येक घराच्या खणात असा एक फोन पडून असतो. बॅटरी बदलली की चालतो. एवढंच सांगायचं होतं.

वाकडचा_वाकडा | गुरुवार, १ जुलै, सकाळी ९.३०

आमच्याकडे दोन पडलेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

वायरमन | गुरुवार, १ जुलै, सकाळी ११.४०

आज गुरुवार. महावितरणची देखभाल, दहाला लाइट गेली. निम्म्या पुण्यातल्या मुलांचा आज आनंदसोहळा असणार. मोबाइल डेटावर लिहितोय.

इन्व्हर्टर नसेल त्यांच्यासाठी : राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, आपल्या वायफायच्या अडॅप्टरच्या जागी बसतो. घेण्याआधी अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघा. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत. तेवढ्यावर काही तास सहज निघतात. लॅपटॉप आपल्या बॅटरीवर असतोच. सोसायटीतल्या फायबरवाल्याचा डबा जिन्यात असतो, त्याला बॅकअप नसेल तर मात्र तुमचा यूपीएस नुसता शोभेचा, हे आधी विचारून घ्या.

चौघे एकदम ऑनलाइन असतील तर अडतं ते बहुधा अपलोडला. स्वतःचा व्हिडिओ एचडीवर असेल तर बंद करा. राउटरजवळ बसणाऱ्याने वायर लावा. दूरच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झ, जवळ ५. आणि मोबाइलचं कार्ड घरच्या फायबरपेक्षा वेगळ्या कंपनीचं ठेवा, म्हणजे दोन्ही एकदम झोपत नाहीत.

अर्धा_कप_चहा | गुरुवार, १ जुलै, दुपारी १.०५

आमच्याकडेही गेली होती. मुलाने कॅमेऱ्याशिवाय 'नेटवर्क इश्यू' लिहिलं आणि या वेळी ते खरं होतं. बाईंनी विश्वास ठेवला नाही.

एकटीचं_घर | शुक्रवार, २ जुलै, रात्री १२.३०

ड्युटीचे प्रतिसाद वाचून गप्प बसणार होते. माझ्याकडे पाळी लावायला दुसरं माणूसच नाही. मुलगा दुसरीत. मी ग्राहक सेवेत, हेडसेट लावून नऊ तास, कॉल मध्ये सोडता येत नाही. तो आला की मी हाताने खुणा करते. पाण्याची खूण, शू-ची खूण, 'गप'ची खूण. आता तोही बोलायच्या ऐवजी खुणा करतो, मी फोनवर नसले तरी.

मजल्यावर समोरच्या घरी त्याच्याच वयाची मुलगी आहे. दोन्ही घरांनी ठरवलं की आपण एकमेकांत मिसळायचं, बाहेरच्यांत नाही. माझी शिफ्ट सकाळची असली की तो तिकडे, दोघं एका स्क्रीनवर बसतात. माझी दुपारची असली की सकाळी ती इकडे. तिची आई बँकेत जाते, तिला घरून काम नाही. नवरे-बायकोत जे ठरवायला लोकांना एवढा त्रास होतोय ते आम्ही दोघींनी जिन्यात उभं राहून दहा मिनिटांत ठरवलं. मात्र खर्च, खाणं, कुणाला सर्दी झाली तर लगेच सांगायचं, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. उशिरा बोललं की कडू होतं.

शाळेला सांगून टाकलंय की तो आठवड्यातून तीनच दिवस लाइव्ह असेल, बाकी रेकॉर्डिंग संध्याकाळी. आधी नाही म्हणाले. मी परत तेच सांगितलं. मग काही म्हणाले नाहीत.

काकूबाई | शुक्रवार, २ जुलै, सकाळी ८.००

खुणांचं वाचून पोटात कालवलं. समोरच्या घराला माझ्याकडून नमस्कार सांग गं.

पगारपत्रक | शुक्रवार, २ जुलै, सकाळी १०.१०

एचआरमध्ये आहे, म्हणून ऑफिसला काय सांगावं यावर लिहितो. तिसरीतल्या मुलासाठी घरून काम किंवा सवलतीची वेळ हा तुमचा कायदेशीर हक्क नाही, हे आधी समजून घ्या. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, त्यात घरून कामाचा उल्लेख आहे, पण तो बाळंतपणाच्या रजेनंतरचा आणि दोन्ही बाजूंची संमती असेल तर. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, हेही त्याच दुरुस्तीत आहे. ऑफिसं परत उघडतील तेव्हा हे आठवणीने विचारा, फार कुणी विचारत नाही.

सध्या जे मिळेल ते बोलून. साहेबांना 'मुलांमुळे फार त्रास होतो' असं सांगू नका. 'मी अकरा ते पावणेबारा उपलब्ध नाही, रोजची मिटिंग साडेदहाला किंवा बाराला घेता येईल का' असं मेलवर विचारा. अडचण ऐकवली की सहानुभूती मिळते आणि मिटिंग अकरालाच राहते. आणि अकाउंट्सवाल्यांनी ११ आणि २० तारखेच्या, म्हणजे जीएसटी विवरणपत्रांच्या मुदतीच्या आसपास काही मागू नये, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हा मेल वडिलांनीही टाकावा. आमच्याकडे दीड वर्षात असे मेल जवळजवळ सगळे बायकांचे आले. पुरुषांपैकी ज्यांनी टाकले त्यांना नकार दिल्याचं मला आठवत नाही.

चष्मेबद्दूर_नाही | शुक्रवार, २ जुलै, दुपारी ३.००

डोळ्यांचं थोडक्यात. वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायला लावा. आमच्या गॅलरीतून समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसते, तीच. मोबाइलपेक्षा लॅपटॉप बरा, लॅपटॉपपेक्षा वायरने टीव्हीला जोडून लांबून बघणं बरं. आणि रोज उन्हात, उजेडात खेळणं. ते सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच होत नाही.

अर्धा_कप_चहा | बुधवार, १४ जुलै, रात्री ११.३०

मध्यंतरी जीएसटीआर-१मध्ये बुडाले होते. ११ तारीख रविवारी आली, तरी रविवार गेलाच.

जमलं ते सांगते. नवरा आता साडेनऊला उठतो आणि दहा ते साडेबारा दोन्ही मुलं त्याची. साडेआठ ते दहा मी, कारण त्या वेळी माझं ऑफिस जागं नसतं. रोजची मिटिंग बाराला सरकली, एका ओळीच्या मेलवर. मी वर्षभर अकराशी झुंजत होते आणि साहेबांचं म्हणणं, "आधी का नाही सांगितलंत, मलाही अकरा अडचणीची होती." त्यांचा मुलगा पहिलीत आहे म्हणे.

मुलगी पहिल्या आठवड्यात बाबाला ओलांडून माझ्याकडे येतच होती. दार बोलायचं बंद केलं (@वाकडचा_वाकडा, फार अवघड गेलं, जीभ चावून बसायचे). आता तिकडे जाते. बाबाकडे रंग, कात्री, डिंक कुठे आहे हे त्याला माहीत नसतं, तर तीच त्याला दाखवते. काय दाखवते ते मी बघत नाही.

शाळेला चौदा पालकांचा मेल गेला. उत्तर आलं की 'विचाराधीन आहे'. पण मोठ्या गटाचा वर्ग गुपचूप अर्ध्या तासाचा झाला. तिसरीचे चार तास चारच आहेत. मी त्याला चौथ्याला बसवत नाही, त्या वेळात तो साताऱ्याला आजीला वाचून दाखवतो. आजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं की उच्चार पुणेरी होत चाललाय, त्यामुळे आता तो वर्गच झालाय.

न जमलेलं : संध्याकाळी चार ते सहा. तेव्हा नवरा कामात, मी कामात, मुलं मोकाट. पार्किंगमध्ये मास्क लावून सायकल फिरवतात आणि मी गॅलरीतून एक कान तिकडे ठेवते. यावर कुणाकडे काही असेल तर लिहा.

अवांतर : २० तारखेला आषाढी. मुलीच्या वर्गाची ऑनलाइन दिंडी आहे, वारकरी वेशात, टाळ घेऊन. त्याच दिवशी माझ्या जीएसटीआर-३बी विवरणपत्राची मुदत. लहान मुलांचे टाळ कुठे मिळतील?

काकूबाई | गुरुवार, १५ जुलै, सकाळी ७.१५

तुळशीबागेत विचार. पण सध्या कोरोनाच्या निर्बंधांमुळे दुकानं चारला बंद होतात आणि शनिवार-रविवार उघडत नाहीत, म्हणजे आज-उद्याच किंवा सोमवारी जायला लागेल. नवऱ्याला पाठव, एकच्या आत परत येईल.

एकटीचं_घर | गुरुवार, १५ जुलै, सकाळी ७.५०

चार ते सहाला पार्किंगमध्ये अजून कुणाकुणाची मुलं असतात ते बघ. त्यांच्याही आया गॅलरीत एक कान ठेवून उभ्या असतील. पाळी लावा. रोज एकच बाई खाली, बाकीच्या आत.

दुसरी_बाजू | गुरुवार, १५ जुलै, सकाळी १०.०५

बाईच का? आमच्या सोसायटीत बुधवार माझा असतो.